टोमॅटो कुणी फेकला?

या महिन्यात आम्ही वाचकांना एक चित्र पाहायला सांगणार आहोत. पानावर ते छापलेले नाही, पण घरात कुणाच्याही मोबाईलवर 'नॉर्मन रॉकवेल' आणि 'रूबी ब्रिजेस' ही दोन नावे टाकली की ते लगेच समोर येते. शक्यतो मुलांना जवळ बसवा, चित्र एकदा नीट पाहा आणि मग पुढचे वाचा.

चित्र वाचणे हीसुद्धा वाचनाचीच एक रीत आहे. उर्दूची नज्म असो की मराठीची कविता, त्यातला एकेक शब्द आपण उकलून पाहतो. चित्रात शब्दाच्या जागी रंग असतो, माप असते, कोण कुठे उभे आहे हे असते. 'कवीला येथे काय म्हणायचे आहे' या प्रश्नाचे उत्तर घोकून लिहिणारी मुले चित्रापुढे मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात, असा आमचा वर्गातला अनुभव आहे. कारण चित्राचे गाईड बाजारात मिळत नाही.

आधी नुसते पाहू या

चित्र आडवे आहे. कॅनव्हासवर तैलरंगात काढलेले, सुमारे तीन फूट उंच आणि पाच फुटांना थोडे कमी इतके रुंद. मधोमध एक लहानगी कृष्णवर्णीय मुलगी चालली आहे. अंगात पांढराशुभ्र फ्रॉक, पायांत पांढरे मोजे, पांढरे बूट, केसांना पांढरी रिबीन. हातात वही, पट्टी, पेन्सिली. मान ताठ, नजर सरळ समोर.

तिच्या पुढे दोन माणसे आणि मागे दोन. चौघांच्या अंगावर कोट आहेत, दंडावर पिवळ्या पट्ट्या आहेत आणि त्या पट्ट्यांवर त्यांचा हुद्दा लिहिला आहे. हे अमेरिकेच्या केंद्र सरकारचे मार्शल. चौघांचीही डोकी चित्रात नाहीत. खांद्याच्या वर कॅनव्हास संपतो.

मागे काँक्रीटची भिंत आहे. तिच्यावर मुलीच्या डोक्याच्या वर एक शब्द खरडलेला आहे. काळ्या माणसाला हिणवण्यासाठी गोरे जो शब्द वापरत, तो. डाव्या बाजूला 'के के के' ही तीन अक्षरे आहेत. कृष्णवर्णीयांना जाळणाऱ्या-मारणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या टोळीची ती खूण. मुलीच्या मागे भिंतीवर एक टोमॅटो येऊन फुटला आहे. त्याचा लाल रस खाली ओघळला आहे आणि चोथा जमिनीवर पडला आहे.

वर्गात हे चित्र दाखवले की मुलांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, 'या माणसांना डोकी का नाहीत?' यावर मागच्या बाकावरून एखादे उत्तर येते, 'काढणाऱ्याला मोबाईल नीट धरता आला नसेल.' वर्ग हसतो. दुसरा प्रश्न विचारताना मात्र कुणी हसत नाही, 'टोमॅटो कुणी फेकला?' या दोन प्रश्नांत सगळे चित्र आहे, असे आम्हांला वाटते. पण त्याआधी ही मुलगी कोण, ते पाहू.

ही मुलगी कोण होती

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांच्या मुलांच्या शाळा वेगळ्या आणि काळ्यांच्या मुलांच्या वेगळ्या, असा कायदाच होता. १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या वेगळेपणावर शिक्का मारला होता. वेगळे ठेवा, पण सोयी सारख्या द्या, म्हणजे अन्याय होत नाही, असे त्या निकालाचे सूत्र. तो खटला न्यू ऑर्लिन्स शहरातल्या रेल्वेच्या डब्यावरून उभा राहिला होता. सोयी सारख्या कधीच मिळाल्या नाहीत, वेगळेपण तेवढे राहिले. १७ मे १९५४ रोजी त्याच न्यायालयाने जुने सूत्र शाळांपुरते मोडीत काढले. मुलांना वंशावरून वेगळे बसवणे हीच विषमता आहे, असा निकाल दिला. 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' म्हणून तो ओळखला जातो.

त्याच वर्षी, ८ सप्टेंबर १९५४ रोजी, मिसिसिपी राज्यात रूबी ब्रिजेसचा जन्म झाला. आजोबा दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणारे. आईवडील पुढे कामाच्या शोधात न्यू ऑर्लिन्सला आले. निकाल लागून सहा वर्षे झाली तरी त्या शहरातल्या शाळा बदलल्या नव्हत्या. न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर शाळा मंडळाने काळ्या मुलांची एक परीक्षा घेतली. मोजकीच मुले उत्तीर्ण झाली, त्यांत रूबी होती. मुलीला गोऱ्यांच्या शाळेत पाठवावे की नाही, यावरून घरात वाद झाला. वडील राजी नव्हते. पोरीच्या जिवाला धोका आहे हे त्यांना दिसत होते. आई मात्र ठाम होती. आपल्याला जे शिक्षण मिळाले नाही ते पोरीला मिळाले पाहिजे, एवढेच तिचे म्हणणे.

सोमवार, १४ नोव्हेंबर १९६०. विल्यम फ्रान्झ प्राथमिक शाळेपुढे गोऱ्या स्त्रीपुरुषांचा जमाव आरडाओरडा करत उभा होता. त्यात मुलांच्या आयाही होत्या. त्याच दिवशी शहरातल्या दुसऱ्या एका शाळेत तीन काळ्या मुली दाखल झाल्या, त्या निदान तिघी होत्या. या शाळेत रूबी एकटी. चार मार्शल तिला गाडीतून घेऊन आले. गर्दी पाहून तिला वाटले, शहरातला मार्डी ग्रा हा कार्निव्हल चालू आहे. त्या मार्शलांपैकी एकाने पुढे आठवण सांगितली की ती रडली नाही, एखाद्या छोट्या शिपायासारखी चालत राहिली.

तो पहिला दिवस तिने मुख्याध्यापकांच्या कार्यालयात बसून काढला. गोरे पालक धडाधड येत होते आणि आपापली मुले शाळेतून काढून नेत होते. दुसऱ्या दिवसापासून बार्बरा हेन्री या बोस्टनहून आलेल्या शिक्षिकेने तिला शिकवायला घेतले. वर्षभर त्या वर्गात दोघीच. एक बाई आणि एक विद्यार्थिनी.

किंमत घरच्यांनी मोजली. वडिलांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली. मिसिसिपीतल्या आजी-आजोबांना ते कसत असलेली जमीन सोडावी लागली. जमावातली एक बाई रोज रूबीला विष घालण्याची धमकी देई, म्हणून तिला घरून आणलेलेच खाण्याची ताकीद होती. आणखी एक बाई छोट्या शवपेटीत काळी बाहुली ठेवून ती दाखवत असे. रूबीने मोठेपणी सांगितले आहे की धमक्यांपेक्षा तिला त्या बाहुलीची भीती जास्त वाटायची.

पांढरा फ्रॉक, लाल रस

रॉकवेल यांनी हे सगळे प्रत्यक्ष पाहिले नव्हते. त्यांनी तीन वर्षांनंतर, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्टॉकब्रिज या आपल्या गावी, गावातल्याच एका मुलीला समोर उभे करून चित्र काढले. म्हणजे हा त्या दिवसाचा फोटो नाही. काय ठेवायचे, काय वगळायचे, हे चित्रकाराने विचार करून ठरवले आहे. म्हणूनच त्यातल्या प्रत्येक वस्तूला 'तू इथे का आहेस?' असे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

पांढरा फ्रॉक बघा. पांढरा रंग निरागसतेचा, हे तर कोणीही सांगेल. पण घरातल्या बायकांना यात आणखी काही दिसेल. तो फ्रॉक धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून कुणीतरी अंगावर चढवला आहे. वेण्या घातल्या आहेत, रिबीन बांधली आहे. चित्रात आई नाही, पण त्या इस्त्रीत ती आहे. ईदच्या सकाळी आपण मुलांना जशा हौसेने सजवतो, तशी या माऊलीने पोरीला सजवून शिव्या देणाऱ्या जमावातून पाठवली. माझी मुलगी कुणापेक्षा कमी नाही, हे तिने कपड्यांतून सांगितले.

त्या पांढऱ्यावर डोळा ठरतो न ठरतो तोच मागचा लाल रंग खेचून घेतो. टोमॅटोच का? भाजी आहे, रोज घरात येते, कुणाचा जीव घेत नाही. पण भिंतीवर फुटल्यावर तिचा रंग रक्ताचा होतो. हातात दगड आला असता तर काय झाले असते, हे चित्रकार न दाखवता दाखवतो. टोमॅटो मुलीला लागलेला नाही. तिचा फ्रॉक अजून कोरा आहे. नेम चुकला आहे, की ती चालत राहिली म्हणून मागे पडला? दोन्ही अर्थ निघतात.

तिच्या हातातली पट्टी आणि वही बघा. चौघे दणकट पुरुष जिच्या रक्षणाला लागतात, तिच्या हातात आहे काय, तर शाळेचे सामान. ज्या गोष्टीला एवढा मोठा जमाव घाबरला, ती एवढीच आहे.

आता डोकी नसलेली माणसे. चित्रकाराने कॅनव्हासची उंची मुलीच्या मापाने ठरवली आहे. सहा वर्षांच्या पोरीला मोठी माणसे अशीच दिसतात. पाय, मुठी, कोटाची बटणे. एका मार्शलच्या खिशातून कागद डोकावतो आहे. तो न्यायालयाचा हुकूम मानला जातो. चौघे एका तालात पावले टाकत आहेत. यांना चेहरे दिले असते तर आपण विचारले असते की हे दयाळू आहेत का, यांना पोरीची कणव येते का? चेहरे काढून टाकले आणि तो प्रश्नच मिटला. हे कायद्याचे पाय आहेत. कायद्याला तुमच्यावर माया असण्याची गरज नसते. त्याने आपले काम करावे, एवढे पुरते.

पण याची दुसरी बाजूही आहे. कायद्याला चेहरा नसतो, म्हणून तो पोरीचा हात धरू शकत नाही. चित्र नीट पाहा. चौघांपैकी कुणीही तिचा हात धरलेला नाही.

तो कुठे उभा आहे?

आता मुलांचा दुसरा प्रश्न. टोमॅटो फेकणारा चित्रात कुठे आहे? कुठेच नाही. भिंत मागे आहे, मुलगी आणि मार्शल मध्ये आहेत. टोमॅटो त्यांच्या पलीकडून येणार नाही, कारण पलीकडे भिंत आहे. तो अलीकडून आला आहे. म्हणजे फेकणारा चित्राच्या समोर उभा आहे. आणि चित्राच्या समोर कोण उभे आहे? आपण.

एवढा विचार झाला की चित्र पालटून जाते. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना पहिल्या नजरेत ही मुलगी आपली वाटली असेल. वाटणारच. वर्गात नाव सांगितल्यावर शेजारच्याचा बदललेला चेहरा, भाड्याचे घर बघायला गेल्यावर आडनाव ऐकून 'नंतर कळवतो' म्हणणारा मालक, भिंतीवर किंवा मोबाईलवर आपल्याबद्दल लिहिलेला गलिच्छ शब्द, हे ज्याने सोसले आहे त्याला रूबीची ताठ मान समजावून सांगावी लागत नाही. ते नाते खरे आहे, ते कुणी नाकारू नये.

मात्र चित्रकाराने आपल्याला रूबीच्या जागी उभे केलेले नाही. त्याने आपल्याला जमावाच्या जागी उभे केले आहे आणि चित्राच्या नावात तेच लिहून ठेवले आहे. त्या इंग्रजी नावाचा अर्थ होतो, 'आपण सगळे ज्या प्रश्नासोबत जगतो आहोत तो प्रश्न'. 'त्यांचा प्रश्न' असे तो म्हणत नाही. दक्षिणेतल्या वाईट गोऱ्यांचा प्रश्न असेही म्हणत नाही. आपण सगळे, असे म्हणतो. १४ जानेवारी १९६४ च्या 'लुक' नियतकालिकात हे चित्र जोडपानावर छापून आले, तेव्हा घरोघरी दिवाणखान्यात बसून ते पाहणाऱ्या लाखो गोऱ्यांना उद्देशून ते 'आपण' होते. काहींनी कौतुकाची पत्रे लिहिली, काही संतापले. संतापणाऱ्यांना चित्र बरोबर कळले होते.

चित्रकार स्वतःलाही त्यातून वगळत नाही. रॉकवेल हे अमेरिकेचे अत्यंत लाडके चित्रकार. 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकासाठी त्यांनी १९१६ पासून ४७ वर्षे मुखपृष्ठे रंगवली. गोऱ्यांची हसरी कुटुंबे, खोडकर पोरे, सणाचे जेवण. त्या साप्ताहिकाचा दंडक असा होता की कृष्णवर्णीय माणूस चित्रात दाखवायचाच असेल तर तो नोकराच्या, वाढप्याच्या, हमालाच्या कामात दाखवायचा. १९६३ मध्ये त्यांनी ते साप्ताहिक सोडले आणि 'लुक'साठी काढलेले पहिले मोठे चित्र हे. तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. माणूस कोणत्या वयापर्यंत शिकू शकतो, याचे उत्तर आमच्या मते हे चित्रच आहे.

भिंतीवरचा शब्द घरातून येतो

रूबीने मोठेपणी सांगितलेली एक आठवण या चित्राचा अर्थ पुरा करते. वर्ष पुढे सरकल्यावर काही गोरी मुले शाळेत परत आली. पण त्यांना तिच्यापासून दूर, दुसऱ्या वर्गात ठेवले जाई. रूबीला आवाज ऐकू यायचे, मुले दिसायची नाहीत. डबा खायला सोबत कुणी नाही, म्हणून ती सँडविच कपाटात लपवून ठेवू लागली होती. पुढे शेवटी एकदा त्या मुलांशी तिची गाठ पडली. तेव्हा एका मुलाने तिला सांगितले की मी तुझ्याशी खेळू शकत नाही, माझ्या आईने सांगितले आहे. आणि कारण म्हणून त्याने तोच शब्द उच्चारला, जो चित्रात भिंतीवर आहे. रूबी म्हणते, त्या क्षणी तिला बाहेरच्या गर्दीचा अर्थ कळला.

त्या मुलाला रूबीचा राग नव्हता. त्याला खेळायचेच होते. तो शब्द त्याने भिंतीवरून वाचला नव्हता, आईकडून घेतला होता. भिंतीवर तो नंतर जातो, आधी तो दस्तरखानावर बोलला जातो.

म्हणून एका घरगुती मासिकात या चित्राची चर्चा करावी असे आम्हांला वाटले. शाळेचा दाखला काढायच्या दिवसांत आपल्या घरांतून काय बोलले जाते, ते आठवा. 'तिथे कशी मुले येतात?' हा प्रश्न पुष्कळदा शिक्षकांच्या आधी विचारला जातो. 'झोपडपट्टीतली मुले वाढली आहेत', 'ती बिरादरी आपल्या बरोबरीची नाही', 'त्या मोहल्ल्यातल्या पोरांत मिसळू नकोस'. घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईच्या मुलीला चहाचा वेगळा कप. यातले काहीच ओरडून म्हटलेले नसते. टोमॅटो हातात नसतो. पण मूल ऐकत असते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ते कुणाशेजारी बसायचे नाही हे ठरवून येते. पालकांना वाटते, आम्ही असे काही शिकवलेच नाही.

आपल्यावर झालेला अन्याय आपल्याला आपोआप न्यायी करत नाही. सोसलेला माणूसही दुसऱ्याच्या वाटेत उभा राहू शकतो. हे चित्र आपल्याला दोन्ही जागी उभे करून पाहायला लावते, आणि दुसरी जागा पहिलीपेक्षा अवघड आहे.

दारापर्यंत कायदा, पुढे कोण?

चित्रात मार्शल चालत आहेत, पण शाळा दिसत नाही. दारही दिसत नाही. कायदा पोरीला दारापर्यंत नेऊन सोडणार. आतले काय? आत बार्बरा हेन्री होत्या म्हणून पुढचे घडले. बाकीच्या गोऱ्या शिक्षकांनी ज्या पोरीला शिकवायला नकार दिला, तिच्या शेजारी त्या रोज बसल्या. एका मुलीसाठी पूर्ण वर्ग घेतल्यासारखे शिकवत राहिल्या.

शेजारीही उभे राहिले. वडिलांना एकाने काम दिले. गल्लीतली माणसे घरावर नजर ठेवत, सकाळी मार्शलांच्या गाडीमागून चालत. एक गोरा पाद्री जमावाच्या शिव्या खात आपल्या पाच वर्षांच्या मुलीचा हात धरून तिला त्याच शाळेत नेत राहिला. म्हणजे जमावाच्या बाजूला जन्मलेल्या माणसालाही जागा बदलता येते. पुढच्या वर्षी रूबी दुसरीत गेली तेव्हा मार्शल नव्हते आणि वर्गात इतर मुले होती.

आपल्याकडेही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवल्या आहेत. ज्या शाळांना हा नियम लागू आहे, तिथे कागद मुलाला दारापर्यंत नेतो. त्या मुलाचा डबा कुणाबरोबर उघडतो आणि वाढदिवसाला त्याला कोण बोलावते, हे कोणत्याही कागदावर लिहिता येत नाही. ते घरात ठरते.

एक जुने नाते

अमेरिकेच्या या कहाणीशी मराठी माणसाचे नाते आजचे नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि ते अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांनी निग्रोंना गुलामीतून सोडवण्यासाठी त्याग केला, त्यांना अर्पण केले. पुण्यात बसून त्यांनी हे ओळखले होते की शूद्रातिशूद्रांचा प्रश्न आणि त्या काळ्या माणसांचा प्रश्न एकाच जातीचे आहेत. सावित्रीबाई शाळेत शिकवायला निघाल्या की त्यांच्यावर चिखल-शेण फेकले जाई, ही हकिकत आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. त्यांनी १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचे नाव येते. शाळेचे काम एकट्या फातिमावर पडल्याची काळजी त्यात आहे. शेण असो की टोमॅटो, शाळेकडे निघालेल्या बाईमुलीवर ते फेकणारा हात दोन्हीकडे एकाच भीतीने उचलला जातो. उद्या ही आपल्या बरोबरीने बसेल, ही ती भीती.

घरी पाहताना

मुलांना हे चित्र दाखवताना भिंतीवरचा शब्द झाकू नका, आणि तो सहज उच्चारूही नका. हा शब्द माणसाला माणसातून काढण्यासाठी वापरत, एवढे सांगा. मग विचारा, आपल्या भाषेत असे कोणते शब्द आहेत? आपल्या घरात त्यातला एखादा कधी बोलला गेला आहे का? मुले खरे सांगतील, तेव्हा रागावू नका.

लहान मुलांना विचारा, ही मुलगी कुठे बघते आहे? तिने मागे वळून का पाहिले नाही? थोड्या मोठ्यांना विचारा, चित्रकाराने जमाव का नाही काढला? आणि सगळ्यांना, आजी-आजोबांसकट, विचारा की तुम्ही या चित्रात असता तर कुठे असता? बहुतेक जण 'रूबी' म्हणतील, कुणी 'मार्शल' म्हणेल. त्या वेळी टोमॅटो कुठून आला ते त्यांना शोधू द्या. उत्तर तुम्ही देऊ नका.

२०११ साली हे चित्र काही महिने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी, व्हाइट हाउसमध्ये लावले होते. छप्पन्न वर्षांची रूबी ब्रिजेस ते पाहायला आली. देशाचे पहिले कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा तिच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी तिला सांगितले की तुम्ही लोक तेव्हा चालला नसता तर कदाचित मी आज इथे नसतो. त्या शाळेच्या आवारात आज रूबीचा पुतळा आहे. टोमॅटो फेकणाऱ्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत.

जूनमध्ये शाळा सुरू होतील तेव्हा आपल्या मुलाला पहिल्या दिवशी एवढेच सांगा. ज्याच्या शेजारी कुणी बसलेले नसेल, त्याच्या शेजारी जाऊन बस, आणि डबा त्याच्याबरोबर खा.